व्हिएन्नाच्या धक्क्यावरची बेपत्ता बायको

"डेल्बर्ट क्लॉसनरच्या समोरून गुन्हेगार मोकळा असा एकदाच जातो. दुसऱ्यांदा जातो तो बेड्या घालून!"

जर्मनीतल्या पासाऊच्या धक्क्यावरून 'लिओनोरा' बोट नुकती कुठे हलली होती आणि जेवणाच्या टेबलावर अजून सूपही आलं नव्हतं. बाकीचे प्रवासी आपली ओळख माणसासारखी करून देत होते. कुणी शाळेतून निवृत्त झालेली बाई, कुणी बेल्जियममधला दातांचा डॉक्टर. डेल्बर्टची पाळी आली तसा तो उठून उभाच राहिला.

"हे नाक बघा," तो म्हणाला.

सगळ्यांनी नाक बघितलं. बघण्यासारखं होतंच ते.

"लोक याला नाक म्हणतात. हे उपकरण आहे. डोळे ससाण्याचे, कान घुबडाचे, चाल मांजराची. आणि मेंदू..."

"मेंदू कुणाचा ते अजून कळलेलं नाही," त्याची बायको रोझमेरी म्हणाली. "खाली बस. सूप आलं."

टेबलाच्या कोपऱ्यात रोझमेरीचा भाऊ वेंडेल पाव मोडत बसला होता. डेल्बर्टनं त्याची ओळख 'माझा सहायक' अशी करून दिली. वेंडेलनं मान हलवली. पंचवीस वर्षं तो तीच हलवत आला होता. अमेरिकेत आयोवातल्या डब्युक गावात डेल्बर्ट घरोघरच्या पाण्याचे मीटर वाचायचा, हे वेंडेल कुणाला सांगत नसे. प्रत्येक तळघरात डोकावायची सवय लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही, एवढाच त्याच्या गुप्तहेरगिरीचा इतिहास. मागच्या वर्षी त्यानं शेजाऱ्यांच्या हरवलेल्या हंसाचा तपास लावला होता. हंस तपासाच्या तिसऱ्या दिवशी सापडला, शेजाऱ्यांच्याच ताटात. डेल्बर्टनं त्यातली तंगडी खाल्लीही होती. त्या भानगडीत रोझमेरीचा वाढदिवस मात्र तो साफ विसरला.

म्हणून ही सफर. अख्खा हिवाळा मिसिसिपी दाराबाहेर गोठून पडली होती आणि रोझमेरी आत डॅन्यूब नदीचे नकाशे पसरून बसली होती. कोणती बोट, कोणता मजला, उतरत्या पाण्यानं जायचं की चढत्या, सगळं तिनं ठरवलं. स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी मधल्या मजल्यावरची, काचेचं मोठं सरकतं दार असलेली खोली घेतली. वेंडेल एकटा जीव, त्याला तळमजल्यावरची मिळाली. तिची खिडकी पाण्याच्या इतकी जवळ होती की सकाळी पडदा उघडला की बदकांची पोटं दिसायची.

"माझा पासष्टावा वाढदिवस व्हिएन्नात येतोय," रोझमेरीनं निघताना बजावलं होतं. "त्या संध्याकाळी तू, मी, वेंडेल आणि केक. आणि पूर्ण सफरीत तपास नाही. कबूल?"

"कबूल," डेल्बर्ट म्हणाला. "गुन्हा घडला नाही तर."

गुन्हे लगेचच घडू लागले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोलीत अंधार झाला, तेव्हा त्यानं कुणीतरी खिडकीला डांबर फासल्याचं जाहीर केलं. बोट धरणाजवळच्या, बोटींना खालच्या पातळीवर उतरवणाऱ्या हौदात शिरली होती आणि खिडकीसमोर हौदाची भिंत होती. संध्याकाळी बुटका पूल आला, म्हणून कप्तानाची काचेची केबिन यंत्रानं खाली घेतली. डेल्बर्ट गच्चीवर धावत सुटला, "कप्तान चोरीला गेला! केबिनसकट!" रोझमेरी पुढच्या आरामखुर्चीत जर्दाळूचा केक खात होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

मग व्हिएन्ना आलं.

वाढदिवसाच्या सकाळी 'लिओनोरा' काठापासून दुसरी उभी होती. व्हिएन्नाच्या धक्क्यावर बोटी अशाच लागतात, एकीला एक खेटून. बाहेरच्या बोटीतल्या माणसांनी आतल्या बोटीच्या दिवाणखान्यातून, तिथल्या लोकांना 'नमस्कार, नमस्कार' करत काठावर जायचं. तिघंही तशीच उतरली. दुपारी रोझमेरी केस करून घ्यायला बोटीवर परतली.

"सहाच्या आत केक घेऊन या," तिनं सांगितलं. "चॉकलेटचा. वेंडेल, केक तू धर. याच्या हातात देऊ नकोस."

केक झकास मिळाला. संध्याकाळी दोघं धक्क्यावर आले तेव्हा वेंडेलच्या दोन्ही हातांत खोकं होतं आणि डेल्बर्टच्या पोटात दोन ग्लास बिअर.

"ही काय आपली बोट," वेंडेल म्हणाला. काठाला लागलेल्या बोटीवर चांगलं ठसठशीत 'लिओनोरा' लिहिलेलं होतं.

डेल्बर्ट हसला. अडाण्याकडे बघून शहाण्यानं हसावं तसा.

"वेंडेल, सकाळी आपण किती बोटी ओलांडून बाहेर आलो?"

"एक."

"मग आत जाताना किती ओलांडायच्या?"

"एक. पण नाव तर..."

"नाव! आपल्या बोटीच्या जुळ्या बहिणीचं नाव काय आहे ठाऊक आहे? 'एलिओनोरा'. माहितीपत्रकात वाचलंय मी. त्या नावातला 'ए' बघ, तो जाड दोरखंड लोंबतोय ना, त्याच्यामागे गेलाय. सामान्य माणूस अक्षर वाचतो, गुप्तहेर दोराच्या मागचं वाचतो."

वेंडेलला दोराच्या मागे नुसता पांढरा रंग दिसत होता. पण केक जड होता आणि डेल्बर्टशी वाद त्याहून जड.

ते आत शिरले. स्वागताच्या टेबलामागची मुलगी गोड हसली. "या, मिस्टर क्लॉसनर! बाईसाहेब वर वाट बघताहेत."

डेल्बर्टनं वेंडेलचा दंड धरून त्याला फरफटत पुढे नेलं. "ऐकलंस? दुसऱ्या बोटीवरच्या मुलीला माझं नाव ठाऊक! आपल्यावर पाळत आहे. वळून बघू नकोस."

दिवाणखाना ओलांडून दोघं पलीकडच्या बोटीत गेले. तोच गालिचा, तीच झुंबरं, तोच जिना. मधल्या मजल्यावर त्यांच्या नंबरची खोली सताड उघडी होती. झाडलोट करणारी बाई उशीवर चॉकलेट ठेवून पुढच्या खोलीत गेली होती.

"रोझमेरी!" डेल्बर्टनं हाक मारली. "बघ, सहाच्या आत आलो!"

आत कुणी नव्हतं.

रोझमेरीचा निळा गाऊन नव्हता, तिची लाल बॅग नव्हती. खुर्चीवर परातीएवढी मोठी गवती हॅट होती, टेबलावर लोकरीचं विणकाम आणि अणकुचीदार सुया. पेल्यात कुणाचे तरी दात होते.

"डेल्बर्ट," वेंडेल म्हणाला, "ही आपली खोली..."

"...लुटली गेली आहे. बरोबर. बायकोसकट."

"मला म्हणायचंय की..."

"तो दातांचा डॉक्टर!" डेल्बर्टनं पेल्याकडे बोट रोखलं. "पहिल्याच रात्री तो रोझमेरीला म्हणाला होता, 'तुमचं हसू सुंदर आहे.' आणि आज इथे दात! त्यानं तिला पळवली आणि घाईघाईत आपलं सामान विसरला!"

"तिला फोन करू या का?"

"फोन? आणि अपहरण करणाऱ्यांना सावध करायचं? वेंडेल, तू केक धर."

वेंडेल केक धरूनच होता.

मग डेल्बर्टला पलंगाशेजारचा फोटो दिसला. झुपकेदार मिशांचा एक म्हातारा त्यात ऐटीत उभा होता. डेल्बर्ट बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याचा आवाज एकदम बसका झाला.

"पळवलेली नाही ती. स्वतःहून गेली आहे. या मिशीवाल्याबरोबर."

"काहीतरीच काय, डेल्बर्ट!"

"काहीतरी नाही. चूक माझीच आहे. मागच्या वाढदिवशी ती स्वयंपाकघरात एकटी बसली होती आणि मी हंसाची पिसं मोजत होतो. मीच जर ती असतो, तर मीही मिशा असलेला बघितला असता."

वेंडेलनं त्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. केक बाजूला ठेवून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण केक कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी तो केकसकट त्याच्या शेजारी बसला.

तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी, गोरीपान आजीबाई आत आली. तिचं नाव विनिफ्रेड पार्जिटर, गाव इंग्लंडातलं श्रूजबरी. पलंगावर दोन अनोळखी पुरुष आणि केक पाहून ती दचकली नाही. तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! सुरू झालं का?"

डेल्बर्ट ताडकन उठला. दुःख गेलं आणि नाक पुन्हा उपकरण झालं. "काय सुरू झालं? तुम्ही कोण? माझी बायको कुठे आहे?"

विनिफ्रेडबाई हरखल्या. त्यांच्या बोटीवर त्या संध्याकाळी 'खुनाचा खेळ' होता. नट प्रवाशांमध्ये मिसळणार, कुणाच्याही खोलीत येणार आणि प्रवाशांनीही मनमोकळेपणानं भाग घ्यायचा, असं दुपारी चहाच्या वेळी जाहीर झालं होतं. नट आपल्याच खोलीत येतील असं मात्र बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी लगबगीनं पेल्यातले दात तोंडात बसवले, केस सारखे केले आणि आवाज खोल नेला.

"तुमची बायको? तिचा विचार सोडा. मी मारलं तिला."

वेंडेलनं केकचं खोकं छातीशी धरलं.

"कबुली!" डेल्बर्ट पांढराफटक पडला. "कशानं?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "विणायच्या सुईनं. आठ नंबरच्या. मग ढकलली नदीत."

"का?"

"फार सुखी होती ती," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाल्या. "बघवेना मला."

"सुखी?" डेल्बर्टनं बाहीनं डोळे पुसले. "सुखी होती असं ती म्हणाली?"

"किती छान रडता हो तुम्ही! थांबा, जरा उजेड येऊ दे." बाईंनी पडदा सरकवला.

दोन्ही बोटींची तोंडं दोन दिशांना होती, भांडलेल्या जावांसारखी. त्यामुळे खोल्या समोरासमोर आल्या होत्या. काचेपलीकडे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर तसंच एक काचेचं दार होतं आणि त्या दारात रोझमेरी उभी होती. नवा हिरवा पोशाख, नीट बसवलेले केस, आणि नवऱ्याची वाट बघून बघून वाकडं झालेलं तोंड.

"प्रेत!" डेल्बर्ट किंचाळला.

बाईंनी दार सरकवलं, तसं पलीकडे प्रेतानंही सरकवलं. "डेल्बर्ट! त्या बाईंच्या खोलीत काय करतोयस तू?"

"रोझमेरी, घाबरू नकोस! तुला मारून नदीत टाकलंय!"

"बोलणारं प्रेत!" विनिफ्रेडबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आमच्या गावच्या मंडळींना नाही जमायचं असं."

"अरे गाढवा," रोझमेरी म्हणाली, "ती दुसरी बोट आहे! आतली बोट दुपारीच गेली. आपली काठाला घेतली आणि ती 'एलिओनोरा' नंतर येऊन बाहेर लागली. तुम्ही आपल्याच बोटीतून चालत पलीकडे गेलात!"

जन्मभर ज्यानं दुसऱ्यांकडे बोट दाखवलं, त्याला स्वतःची बोट दिसली नव्हती. वेंडेलला मनातून फार आनंद झाला, पण तो दोनच क्षण टिकला, कारण पायाखाली यंत्राची धडधड सुरू झाली होती. समोरची रोझमेरी हळूच डावीकडे सरकली.

"तुमची बोट निघाली!" ती ओरडली. "अरे, ती उलट दिशेला जाते! उतरा!"

डेल्बर्टनं दाराबाहेरच्या कठड्यावर तंगडी टाकली. वेंडेलनं पट्टा धरून त्याला मागे ओढलं. मधल्या पाण्याची पट्टी रुंदावत होती. आता उडी मारली असती तर आठ नंबरच्या सुईशिवायच काम झालं असतं.

"वेंडेल!" रोझमेरी ओरडली. "केक!"

आयुष्यात पहिल्यांदाच वेंडेलनं कुणाला विचारलं नाही. कठड्यावर पोट टेकवून त्यानं दोन्ही हात लांब केले. पलीकडून त्याच्या बहिणीनं हात लांब केले. क्षणभर केकचं खोकं दोन बोटींच्या मध्ये, डॅन्यूबवर अधांतरी होतं. मग ते रोझमेरीच्या कुशीत गेलं.

"मिळाला!" ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. केक पोचला होता, माणसं चालली होती.

मग 'एलिओनोरा' नदीच्या मधोमध आली आणि पासाऊच्या दिशेला लागली. कप्तानानं स्पष्ट सांगितलं, बोट म्हणजे घोडागाडी नव्हे, मागे वळत नाही. सकाळी मेल्क गावी उतरा आणि आगगाडीनं 'लिओनोरा'चा पुढचा मुक्काम, बुडापेस्ट, गाठा.

विनिफ्रेडबाईंना खरं काय ते कळलं तेव्हा त्यांनी दोघांची हजार वेळा माफी मागितली आणि त्यांना आपल्या टेबलावर जेवायला नेलं. मिशीवाले त्यांचे दिवंगत यजमान निघाले. डेल्बर्टनं त्यांच्या फोटोचीही माफी मागितली. पण समोरच्या बटाट्यांना त्यानं हात लावला नाही.

"दुसरा वाढदिवस," तो म्हणाला. "एक हंसापायी गेला, एक अकलेपायी."

वेंडेलनं खिशातून फोन काढला, बहिणीचा नंबर लावला आणि तो डेल्बर्टसमोर धरला. तिकडे रोझमेरी जेवणघरातच होती, मागे ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"केक फार छान आहे," ती म्हणाली. "दातांच्या डॉक्टरांनी दोन तुकडे खाल्ले."

डेल्बर्टनं घसा साफ केला. काही तर्क लढवेल असं वेंडेलला वाटलं. त्याऐवजी डेल्बर्ट फोनमध्ये वाढदिवसाचं गाणं म्हणू लागला. आवाज भसाडा, पट्टी चुकलेली. दुसऱ्या ओळीला विनिफ्रेडबाई मिळाल्या, तिसरीला वेंडेल, आणि मग 'एलिओनोरा'वरचं सगळं जेवणघर. फोनमधून पलीकडचं जेवणघरही गाऊ लागलेलं ऐकू आलं. एकाच नदीवर दोन बोटी एकमेकींपासून लांब लांब जात होत्या आणि दोन्हीकडे रोझमेरीचा वाढदिवस चालला होता.

गाणं संपलं.

"डेल्बर्ट," रोझमेरी म्हणाली. नाक ओढल्यासारखा आवाज आला. "बुडापेस्टलाही बोटी एकीला एक लागून असतात. तू कुठल्याही बोटीत चढू नकोस. धक्क्यावर बाकावर बस. मी येऊन शोधते तुला."

"बरं," डेल्बर्ट म्हणाला.

त्यानं फोन ठेवला, बटाट्यांची बशी पुढे ओढली आणि वेंडेलच्या खांद्यावर थाप मारली.

"ऐकलंस? म्हणाली, शोधते. एवढी वर्षं मी तिला तयार केलं, ते काही उगाच नाही."

वेंडेलनं मान हलवली.