काळजाला एकच भोक

"याला भोक कुठंय?" सेल्माने विचारलं.

स्टीलच्या वाडग्यात, मिठाच्या पाण्यात हरणाचं काळीज पडलं होतं. काळीज म्हणजे खरंखुरं, छातीत धडधडतं ते. खाटीक पुडीत बांधून देतो ती कलेजी नव्हे. मुठीपेक्षा थोडं मोठं, गर्द तांबडं, वर चरबीची पांढरी टोपी. सेल्माने ते पाण्यातून उचललं आणि बाजारात वांगं निवडावं तसं खिडकीच्या उजेडात चहूबाजूंनी फिरवून पाहिलं.

"कसलं भोक?" वेंडेलने पेपर आणखी वर धरला.

"गोळीचं. काल पेट्रोलपंपावर बर्निसला तूच सांगितलंस ना, 'थेट काळजात घातली' म्हणून? सकाळपासून मला अभिनंदनाचे फोन येताहेत. आणि हे तर अख्खं आहे! साधा ओरखडासुद्धा नाही."

"अगं, काळजात म्हणजे... काळजाच्या बाजूला."

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे शेजारी."

सेल्माने काळीज परत पाण्यात सोडलं आणि हात पुसले.

खरी गोष्ट अशी, की वेंडेलने हरणाला गोळी घातलीच नव्हती. शुक्रवारी दिवसभर शिकारीसाठी रानातल्या खोपटीत बसून, रिवाजाप्रमाणे एकही गोळी न झाडता तो घरी येत होता, तेव्हा हरणानेच त्याच्या गाडीला धडक दिली. गाडीचा डावा दिवा फुटला आणि हरीण जागच्या जागी गेलं. वेंडेल तसा सरळ माणूस. रस्त्यातच थांबून त्याने पोलिसांना फोन केला आणि मेलेलं हरीण घरी न्यायची रीतसर परवानगी घेतली. सरकारशी तो एका अक्षराने खोटं बोलला नाही. पण पेट्रोलपंपावर बर्निसने गाडीच्या हौद्यात डोकावून विचारलं, "अरे वा! कुठे लागली गोळी?" हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारावा म्हणून हा बिचारा वीस वर्षं तहानलेला. तोंडातून निघून गेलं, "थेट काळजात!" सुटलेला शब्द आणि सुटलेली गोळी परत येत नाही म्हणतात. इथे तर गोळी सुटलीच नव्हती.

वेंडेलचं दुखणं जुनं होतं. मिशिगनच्या आमच्या या वरच्या रानात, मोठ्या पुलाच्या दक्षिणेला जन्मलेल्या माणसाला 'पुलाखालचा' म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा भाग काही नसतो. सेल्माचे वडील, म्हातारे आर्मास लेहतो, जावयाला लग्नाच्या दिवसापासून याच नावाने हाक मारत आले होते. यंदा आर्मासच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. रानातली त्यांची खोपटी आता जावयाला द्यायची की पुतण्याला, हा प्रश्न होता. पुतण्या ड्वेन शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी हरीण पाडून न्याहारीला घरी. खोपटी मिळाली की तिथे भिंतभर टीव्ही लावणार, असं तो गावभर सांगत फिरायचा. "ज्याला मारता येतं, त्याची खोपटी," असं आर्मासनी जाहीर केलं होतं.

वेंडेलला मारण्याची मुळीच हौस नव्हती. त्याला खोपटी हवी होती. तिथल्या शेगडीपाशी सासऱ्याच्या शेजारी बसायचं, कॉफी प्यायची आणि तासन् तास काही बोलायचं नाही. जगात दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी त्याला इतकं बरं वाटत नसे.

"बाबा संध्याकाळी येताहेत," सेल्मा म्हणाली. "ड्वेनला घेऊन. 'मी बघितल्याशिवाय काळजाला सुरी लावायची नाही,' असं बजावलंय त्यांनी."

वेंडेलच्या काळजाला मात्र तिथल्या तिथे भोक पडलं.

त्यानंतर या माणसाला पाककलेत अचानक असा काही रस उत्पन्न झाला, की विचारू नका. अंडं किती मिनिटं उकडतात हे ज्याने कधी विचारलं नव्हतं, तो फोन घेऊन बसला. म्हाताऱ्याच्या नजरेला अख्खं काळीज पडता कामा नये, अशी एखादी कृती त्याला हवी होती.

"बर्निस, तू काळीज कसं करतेस गं?"

"लोणचं घालते. उकडायचं, काप करायचे, व्हिनेगर, मिरी, कांदा, तमालपत्र घालून बरणीत भरायचं. पुढच्या शनिवारी बरणी उघडायची. बोटं चाटशील."

"आज संध्याकाळपर्यंत नाही का मुरणार?"

"लोणचं आहे ते वेंडेल, कॉफी नव्हे."

मग त्याने नाइलाजाने ड्वेनला फोन लावला.

"दाजी, सोपं आहे!" ड्वेन गरजला. "करंगळीएवढे जाड काप करा. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवा. लोणी टाका. इकडून एक मिनिट, तिकडून एक मिनिट. जास्त ठेवलंत तर बुटाचा तळवा चावल्यासारखं होईल. पण आत्ता नका हं कापू! मला भोक बघायचंय. दाजींनी पाडलेलं भोक! मी तर फोटो काढणार."

"सेल्मा," वेंडेलने शेवटचा प्रयत्न केला, "खिमा केला तर?"

"खिमा? बाबा घरात पाय ठेवणार नाहीत. आईसारखं भरून करणार आहे मी. तुला काय झालंय आज?"

"काही नाही. सहज उत्सुकता."

सेल्मा पाव आणायला दुकानात गेली आणि वेंडेलने स्वयंपाकघरातले खण उपसायला सुरुवात केली. सुरीने केलं तर भोक लांबट होईल. पेचकसाने केलं तर बारीक. शेवटी त्याच्या हाती सफरचंदाचा गाभा काढायची नळी लागली. वा! जणू याच कामासाठी घडवलेली. त्याने काळीज ओट्यावर ठेवलं, डोळे मिटले, नळी दाबली आणि फिरवली. ती अर्ध्यात पोचते न पोचते तोच बाहेर सेल्माच्या गाडीचा आवाज आला. त्याने घाईघाईने नळी ओढून काढली. आत अडकलेला तुकडा मुस्ती कुत्र्याला दिला, नळी घासून पुसून जागेवर ठेवली आणि पुन्हा पेपर उघडून बसला. पेपर उलटा होता.

मुस्ती मात्र वाडग्यासमोर जे बसलं ते तिथून हलेना.

संध्याकाळी आर्मास आले. त्यांनी टोपी काढली, चष्मा चढवला आणि बाह्या सारल्या. त्यांच्यामागे ड्वेन फोन रोखून उभा. वेंडेलची मुलगी लीसासुद्धा शिकागोच्या मित्राशी फोनवर चाललेलं बोलणं अर्धवट टाकून खाली आली. म्हाताऱ्याने काळीज तळहातावर घेतलं आणि करंगळी भोकात घालून पाहिली.

"गोल आहे," आर्मास म्हणाले. "फारच गोल."

"नेम चांगला बसला," वेंडेल म्हणाला.

"हं." आर्मासनी काळीज उलटं केलं. मग सुलटं केलं. "आत गेली. बाहेर कुठून आली?"

सेल्माने सकाळी अख्ख्या पाहिलेल्या त्या काळजाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. वेंडेलच्या कपाळावर घाम आला. बाहेर गोठवणारी थंडी होती.

"एकच भोक आहे, पप्पा!" लीसा कुतूहलाने पुढे झुकली. "म्हणजे गोळी आत असणार."

"आतच असणार!" वेंडेल म्हणाला. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"मग कापूया की!" ड्वेन सुरी शोधू लागला. "गोळी बघू. दाजींच्या गोळीला आपण सगळ्यांनी एकदा ओवाळलं पाहिजे."

"सुरी ठेव खाली," आर्मास म्हणाले. "सेल्माची आई, आपली हिल्या, करायची तसं भरून होऊ दे. नाताळच्या खिरीत बदाम टाकतो ना आपण? ज्याच्या वाट्याला येईल तो नशीबवान. तसं करू. गोळी आत असेल तर कुणाच्या ना कुणाच्या दाताखाली येईलच." मग चष्म्यावरून जावयाकडे पाहून ते म्हणाले, "आणि कुणाच्याच आली नाही, तर तेही कळेल. काय, पुलाखालच्या?"

सेल्माने चरबी आणि पांढऱ्या नळ्या काढून टाकल्या. शिळ्या पावाचा चुरा, परतलेला कांदा आणि वाळवलेला मसाल्याचा पाला लोण्यात कालवून पोकळीत ठासून भरला. मग जाड दोऱ्याने काळीज शिवलं, वर डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या पांघरल्या आणि झाकणाच्या भांड्यात घालून ते भट्टीत ढकललं. दोन तासांची निश्चिंती. निश्चिंती बाकीच्यांची. वेंडेल गॅरेजमध्ये गेला, पक्कडीने एका काडतुसातली गोळी उपटली आणि ती चपटी करायला हातोडा उचलला. इतक्यात दारात सेल्मा उभी. हातात सफरचंदाची नळी.

"ॲपल पाय करायला घेतला होता मी," ती म्हणाली. "नळी मिळाली. पण आतल्या कडेला हरीण अडकलंय."

वेंडेलने हातोडा खाली ठेवला.

"अख्ख्या काळजाला भोक पडलं तेव्हाच मला शंका आली होती. त्यात ही तू आपणहून घासून ठेवलीस!" ती गाडीच्या फुटक्या दिव्याकडे वळली. "हा दिवा सरपणाच्या ढिगावर आपटून फुटला म्हणालास ना? ढिगाला केस होते का रे?"

"सेल्मा, खोपटी ड्वेनला मिळेल गं."

"मिळू दे! पण बाबांना फसवलंस तर मला नाही आवडणार." तिने त्याच्या हातातली गोळी काढून घेतली. तिचा आवाज मात्र उतरला होता. तिलाही ती खोपटी ड्वेनच्या टीव्हीसाठी द्यायची नव्हती. "चल आत. जे होईल ते होईल."

जेवणाच्या टेबलावर इतकं सावकाश जेवण आमच्या गावात कुणी कधी जेवलं नसेल. काळीज झकास झालं होतं. मऊ, दाट चवीचं, आणि आतला पाव रस पिऊन तृप्त झालेला. पण प्रत्येकजण पहिला दात येणाऱ्या बाळासारखा घास घोळवत होता. ड्वेन तर प्रत्येक तुकडा काट्याने उलटापालटा करून बघत होता. बघता बघता त्याची ताटली रिकामी झाली. सेल्माची झाली. लीसाचीही झाली.

"काही नाही बुवा," ड्वेन हात पुसत म्हणाला. "दाजी, गोळी विरघळली वाटतं?"

वेंडेलने काटा ठेवला. आता सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

कट्!

आर्मास चावता चावता थांबले. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि काहीतरी काढून ताटलीत टाकलं. टण्ण. चेपलेली, काळपट शिशाची गोळी. लीसाने टाळ्या वाजवल्या. ड्वेनचं तोंड उघडं ते उघडंच. सेल्माने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने सेल्माकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न होता: ही आली कुठून?

"झालं," आर्मास म्हणाले, आणि गोळी पुसून बंडीच्या खिशात टाकली. "ॲपल पाय नाही का आज?"

शनिवार होता, म्हणून जेवण उतरल्यावर सासरा-जावई अंगणातल्या सॉनात जाऊन बसले. ड्वेन तोंड पाडून घरी गेला होता. आर्मासनी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. चर्र झालं आणि वाफेने कान भाजले. आमच्याकडे सॉनात कुणी खोटं बोलत नाही. चर्चमध्ये एक वेळ चालतं.

"बाबा," वेंडेल म्हणाला, "मी ते हरीण मारलेलं नाही. गाडीखाली आलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"करंगळी घातली तेव्हापासून. अरे, गोळीने काळीज फाटतं. असं गोल कापून निघत नाही. हिल्याकडेही तसली नळी होती."

वेंडेल खाली मान घालून बसला. त्याला फार लाज वाटली. मग न राहवून त्याने विचारलं, "पण मग ती गोळी?"

आर्मासनी आणखी एक पळी टाकली. "माझ्या सासऱ्याची. लग्न नवं होतं तेव्हा मी लाकडाचा ट्रक चालवायचो. हरीण आडवं आलं. मी गावभर सांगत सुटलो, काळजात घातली म्हणून. सासरेबुवा जेवायला आले आणि ही त्यांच्या दाताखाली आली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे त्यांनी ती मला देऊन टाकली. तेव्हापासून माझ्या बंडीच्या खिशातच असते."

"त्यांच्याकडे कुठून आली?"

"विचारायचं होतं मला. पण ते भेटायचे नेमके सॉनात. खरं बोलावं लागलं असतं त्यांना. कशाला म्हाताऱ्याला पेचात टाका?"

दोघं बराच वेळ गप्प बसले, खोपटीत बसायचे तसे.

"खोपटी ड्वेनला द्या, बाबा," वेंडेल शेवटी म्हणाला. "ज्याला मारता येतं त्याची, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हातारा माणूस काहीही बोलतो. ड्वेन येतो, ठो करतो, निघून जातो. वीस वर्षं, दर नोव्हेंबरात, माझ्या शेजारी कोण बसलं?" आर्मासचा आवाज जरा घोगरा झाला. वाफेने असेल. "चल, वेंडेल. गुडघे शिजले माझे."

वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती. वेंडेलचे डोळे भरून आले, पण सॉनात ते कुणाला कळत नाही.

बाहेरच्या खोलीत मोजे चढवून झाल्यावर आर्मासनी बंडीच्या खिशातून खोपटीची किल्ली काढून जावयाच्या तळहातावर ठेवली. मग तीच काळपट गोळी तिच्या शेजारी ठेवली.

"किल्ली समजली, बाबा. पण गोळी कशाला?"

समोर स्वयंपाकघराच्या उजळलेल्या खिडकीत लीसा फोनवर खिदळत होती. आर्मास तिच्याकडे बघत राहिले.

"तिचा तो मित्र. कुठला म्हणालास?"

"शिकागोचा."

"म्हणजे पुलाखालचा?"

"पुलाच्याही बराच खाली."

"शिकार करतो?"

"शाकाहारी आहे, बाबा."

आर्मासनी डोळे मिटले. मग वेंडेलची बोटं एकेक करून त्या गोळीभोवती घट्ट मिटली.

"जपून ठेव," ते म्हणाले. "आणि ती नळीसुद्धा."