एका घरात दोन कारभारी

वहिनीने संगणकाला फुलाफुलांचं झबलं शिवलं होतं. काम झालं की पडदा निवायची वाट बघायची, मग ते झबलं चढवायचं, आणि ज्याने ते चढवलं नाही त्याने दुसऱ्या दिवशी संगणकाला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता. दादा सुतार. त्याने ज्या ऑफिसचं फर्निचर केलं, त्यांनी जुनी यंत्रं काढली तेव्हा त्यातलं एक तो टेम्पोत घालून घरी घेऊन आला. रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याने संगणकासाठी टेबल केलं, आणि शेजारीपाजारी येऊन टेबलाचंच कौतुक करून गेले. ते दिवसच तसे होते. बटण दाबलं की यंत्र आधी घसा खाकरायचं, मग विचारात पडायचं, आणि ते पुरतं जागं होईस्तोवर माणसाचा चहा पिऊन व्हायचा. त्याच्या पोटात जागा होती चार जीबी. आज तेवढ्यात एका सहलीचे फोटो मावत नाहीत. तेव्हा मात्र धाकट्याला प्रश्न पडला होता, एवढी जागा भरायची तरी कशाने?

धाकटा, म्हणजे दादाचा भाऊ, छापखान्यात अक्षरजुळणी करायचा. त्या वर्षी तिथे एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक छपाईला आलं होतं. विषय संगणकाची ओळख, आणि तीही शुद्ध मराठीत, कारण प्राध्यापकांना इंग्रजी शब्दाचं वावडं. हार्ड डिस्क म्हणजे ‘कठीण तबकडी’. माउस म्हणजे ‘मूषक’. डिस्कचे भाग पाडायचे, पार्टिशन करायचं, ती ‘वाटणी’. आणि ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार जी पाहते ती, ‘कारभारी’. धाकटा आणि शेजारच्या टेबलावरचा बोरू हे शब्द वाचून पोट धरधरून हसले. हा बोरू म्हणजे इतका उंच आणि किडकिडीत माणूस की त्याचं खरं नाव छापखान्यात कोणाच्या लक्षातही नव्हतं. मग दोघं चेष्टेने ते शब्द वापरायला लागले. पुस्तक छापून बाहेर पडेपर्यंत चेष्टा विरून गेली, सवय तेवढी राहिली.

अशात बोरूच्या हाती एका मासिकासोबत फुकट आलेली सीडी लागली. तिच्यात एक नवाच कारभारी होता. फुकटचा, शिवाय कधी आजारी पडत नाही, अशी त्याची ख्याती. धाकट्याला तो एकदा नांदवून बघायचाच होता. पण जुन्याला हाकलून चालणार नव्हतं. जुन्याच्या ताब्यात दादाची कपाटं होती. चाळिशीच्या दादाने मोठ्या हिकमतीने मूषक हातात धरायला शिकून घेतला होता. रोज संध्याकाळी हातावरचा भुसा झटकून तो संगणकापुढे बसायचा आणि जीभ दातांत धरून पडद्यावर कपाट काढायचा. वर्षभरात अख्ख्या गल्लीला पुरतील एवढी कपाटं झाली होती. तेव्हा जुन्याला थोडं आवळून नव्याला बाजूला जागा करून द्यायची, असं ठरलं.

धाकट्याने बोरूला फोन लावला. फोन मधल्या खोलीत, आणि तिथेच आई कपड्यांच्या घड्या घालत बसलेली.

“हो रे, वाटणीशिवाय गत्यंतर नाही,” धाकटा म्हणाला. “एका घरात दोन कारभारी म्हटल्यावर वाटणी आलीच.”

आईच्या हातातली घडी थांबली.

“छे, दादाला कशाला सांगू? त्याला त्यातलं काय कळतंय? रविवारी तो कामावर गेला की उरकून टाकतो... अरे, जुना फार जागा अडवून बसलाय. जरा आवळला की बसेल गप कोपऱ्यात... नाही नाही, एकदम हाकलायचा नाही. म्हातारा झालाय बिचारा. नव्याचं बस्तान बसू दे, मग बघू.”

आईने न घातलेल्या घड्यांचा ढीग उचलला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. “छोट्या वाटणी मागतोय,” ती वहिनीला म्हणाली. “दादाला म्हातारा म्हणाला गं!” वहिनीने ते दादाला सांगितलं तेव्हा त्याचं “भावजी तुम्हाला कोपऱ्यात बसवणार आहेत आणि नंतर घराबाहेर काढणार आहेत” असं झालं होतं. पराचा कावळा व्हायला घरात तीन माणसं पुरतात. मागच्या अंगणात जाऊन दादा रंध्याच्या पात्याला धार लावत बसला. पात्याला धार आधीच होती.

त्या रात्री जेवताना दादाने धाकट्याला स्वतःच्या हाताने वाढलं. असं त्याने वडील गेले त्या वर्षी केलं होतं, त्यानंतर नाही.

“छोट्या, तुला या घरात काही कमी पडतंय का रे?”

धाकट्याच्या डोक्यात दिवसभर कठीण तबकडीच घोळत होती. “खरं सांगू का दादा? जागा कमी पडतेय.”

“बरं,” दादा म्हणाला आणि पुढे जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आईने आपल्या भावाला बोलावणं धाडलं. मामांनी कोर्टात कारकुनी करण्यात उभा जन्म घातला होता. भावाभावांचे दावे ऐकून ऐकून त्यांचा असा समज झाला होता की, भाऊ हा प्राणी मुळात वाटणीसाठीच जन्माला येतो. निवृत्तीनंतर त्यांना दावे मिळेनासे झाले होते. निरोप मिळताच ते नवा सदरा घालून निघाले.

रविवारी दादा कामावर गेला नाही. धाकट्याला नवल वाटलं, पण थांबायला त्याला धीर नव्हता. त्याने झबलं काढलं, सीडी घातली आणि जुन्याला आवळायचं काम सुरू करून दिलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तिच्याखाली सूचना होती, काम पुरं होईपर्यंत यंत्र बंद करू नये. इतक्यात मागून मामा, दादा, आई आणि वहिनी अशी वरातच खोलीत शिरली.

मामांनी खुर्ची ओढली. “तुला वाटणी हवी आहे, असं कानावर आलंय.”

धाकटा गोंधळला. बोरूने मामांना कधी सांगितलं? “हवी आहे कसली, चालूच केलीय,” तो पट्टीवरची नजर न काढता म्हणाला. “आता मध्येच थांबवता येत नाही.”

“चालू केली? कोणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात, मामा? कोणाचं काही जात नाही. ज्याचं त्याला जागच्या जागी राहील.”

दादा पुढे आला. “किती हवंय तुला?”

“चारातलं एक पुरे.”

घराच्या खोल्याही चारच होत्या. दादाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. “एकच? अरे, अर्धं घे ना. दोनांवर तुझा हक्क आहे.”

“नको रे. दोन घेऊन काय करू? रिकामे पडतील. तीन राहू देत तुझ्या कपाटांना.”

वहिनीला हुंदका आला. “बघा, मन किती मोठं आहे भावजींचं. आणि आपण काय काय बोललो!”

“असा दावा मी जन्मात पाहिला नाही,” मामा वैतागून म्हणाले. “मागणारा कमी मागतो, देणारा जास्त द्यायला बघतो. मग मला कशाला बोलावलंत?”

आईने इतका वेळ तोंडाला लावलेला पदर खाली घेतला. “आणि माझं काय रे, छोट्या?”

“तुझं?” धाकट्याने क्षणभर खरोखरच विचार केला. आईने संगणकाला कधी बोटही लावलं नव्हतं. “तुझं यात काहीच नाहीये, आई.”

आईने जो हंबरडा फोडला, तो ऐकून समोरच्या घराची खिडकी उघडली. मामा ताडकन उठले. “लाज नाही वाटत? जन्मदात्या आईला असं बोलतोस? आधी हे डबडं बंद कर आणि तिच्या तोंडाकडे बघून बोल!” असं म्हणून त्यांनी भिंतीतली पिन खस्सकन उपटली.

पडदा काळा झाला.

“मामा!” धाकटा किंचाळला. “अहो, अर्धीच झाली होती वाटणी!”

“आता उरलेली माझ्यासमोर होईल!”

“कपाटं गेली! दादाची सगळी कपाटं गेली! जुना कारभारी मेला हो!”

“मी? मी इथे उभा आहे,” दादा म्हणाला.

त्यानंतर धाकट्याला प्राध्यापक, बोरू, कठीण तबकडी आणि सीडी हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मामा मध्ये मध्ये उलटतपासणी घेत होते. “म्हणजे कारभारी तो, यंत्रातला?” “हो.” “कोपऱ्यात बसवायचा तोही?” “तोच.” “आणि म्हातारा?” “तोच हो, मामा.” सगळ्यात आधी वहिनी हसली. मग आई रडता रडता हसली, आणि दादा तर मटकन खाली बसला आणि भिंतीला टेकून डोळे पुसत हसत राहिला. त्यातलं हसू किती आणि सुटकेचं रडू किती, ते त्याचं त्यालाच माहीत.

पण यंत्र चालू केलं तेव्हा त्याने घसा खाकरला आणि ते गप्प बसलं. कपाटं खरंच गेली होती. वर्षभराच्या संध्याकाळी होत्या त्या.

“दादा, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं.”

“जाऊ दे रे. त्यातली बरीच लोकांच्या घरात उभी आहेत. ती कुठे गेली?” दादा म्हणाला. तरी काळ्या पडद्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत होता.

दुपारी बोरूला विचारून विचारून धाकट्याने नव्या कारभाऱ्याला आणलं. त्याने मागितलं होतं एक, मिळाले चारही. नव्याने उठल्या उठल्या नाव आणि परवलीचा शब्द विचारला. “आपल्याच घरात शिरायला आपलंच नाव सांगायचं?” मामांना ते पटलं नाही. वहिनीने एवढंच विचारलं, “यात पत्त्यांचा डाव आहे का?” होता. वहिनीपुरता नवा कारभारी त्या क्षणी पास झाला.

चहा आला. सगळ्यांची मनं हलकी झाली होती, आणि मन हलकं झालं की माणूस नको ते बोलून जातो. “मी तर ही रस्त्याकडची खोली तुझ्या नावे करायचं मनात धरून बसलो होतो,” दादा हसत म्हणाला.

“खरंच? मग दे की,” धाकटा म्हणाला.

“आता कशाला? आता कुठे वाटणी होतेय?”

“वाटणी असली तर देणार आणि नसली तर नाही, हा कुठला न्याय?”

“मला आता कपाटं पुन्हा कागदावर काढायचीत. उजेड इथेच चांगला येतो.”

“शिलाई मशीन या खिडकीत ठेवायचं मी लग्न झाल्यापासून म्हणतेय,” वहिनी म्हणाली, “पण माझं कोण ऐकतंय?”

सकाळी अर्धं घर उचलून द्यायला निघालेला माणूस दुपारी एका खिडकीवरून हटेना. आवाज चढले. मामांच्या चेहऱ्यावर मात्र दिवसात पहिल्यांदा तेज आलं. त्यांनी कप खाली ठेवला, सदरा सारखा केला आणि म्हणाले, “हं. आता कसं! एकेकाने बोला.”

त्यांच्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा निवाडा असावा. खोलीच्या मधोमध पार्टिशन घाला, एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला दादाचं टेबल; खिडकी दोघांत निम्मी निम्मी, आणि दुपारी दादाच्या बाजूला वहिनीचं मशीन. सगळ्यांवर सारखाच अन्याय झाल्यामुळे तो सगळ्यांना मान्य झाला.

दादाने त्याच आठवड्यात चौकट उभी केली आणि प्लाय ठोकलं. दोन्ही भिंतींशी ते असं चपखल बसलं की मध्ये कागद सरकला नसता. फक्त वर, छताखाली, हातभर जागा मोकळी राहिली होती.

“दादा, वर एवढी फट कशी?”

“माप चुकलं,” दादा खिळे गोळा करत म्हणाला.

दादाचं माप चुकल्याचं कोणी तोपर्यंत ऐकलं नव्हतं, पुढेही ऐकलं नाही. त्या फटीतून मग कितीतरी वर्षं संध्याकाळी इकडची टकटक तिकडे जायची आणि तिकडची पेन्सिलीची खरखर इकडे यायची. “छोट्या, कंटाळलास का?” “नाही रे. तू?” असं काहीतरी मधूनच बोलणं व्हायचं. पुढे तो संगणक गेला, त्याच्यानंतरचेही दोन गेले. वहिनी दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणायची, वर एक पट्टी ठोका हो, धूळ येते. दादा लगेच हो म्हणायचा. प्लाय संपलंय, आणलं की ठोकतो, असं तो मागच्या अंगणातल्या प्लायच्या थप्पीवर बसून सांगायचा.