पाच किलो शिशाची चौकशी

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला आप्पांनी वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, तर तो एका हातात आला. त्या डब्यात पाच किलो शिशाचे छर्रे होते, आणि ते पेलायचे म्हणून आप्पा स्टुलावर दोन्ही पाय रोवून उभे होते. त्यांनी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. डब्यावरची सुनेच्या अक्षरातली चिठ्ठी तेवढी जागेवर होती : "विष. मुलांपासून लांब. आप्पांपासूनही."

आप्पा स्पीकरची लाकडी खोकी बनवत. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, करवती, डिंकाचे डबे आणि नवे दोन स्पीकर होते. प्रत्येक खोक्याच्या तळाला त्यांनी एक बंद कप्पा केला होता आणि कप्प्याला मागून बूच. त्या कप्प्यात छर्रे भरले की खोकं जड होतं, दाणे एकमेकांवर घासून लाकडाची थरथर गिळून टाकतात आणि गाण्याच्या मध्ये लाकूड बोलत नाही. पण शिसं वाईट. त्याची पूड हाताला लागते, हातावरून तोंडात जाते, आणि लहान मुलांना तर ते फारच बाधतं. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने तीन अटींवर छर्रे घरात येऊ दिले होते. हातमोजे घालायचे, डबा उंच फळीवर ठेवायचा, आणि महिनाअखेर सगळं कप्प्यात बंद. नाहीतर छर्रे आणि स्पीकर दोन्ही घराबाहेर. महिना संपायला दोन दिवस राहिले होते.

आप्पा स्टुलावरून उतरले, आणि त्यांना टेबलाखाली एक छर्रा दिसला. मिऱ्याच्या दाण्याएवढा. तिथून हातभर अंतरावर सव्वा वर्षाची नात बसली होती आणि काहीतरी चावत होती.

आप्पांनी तिच्या तोंडात बोट घातलं. पावाचा तुकडा निघाला. नातीने तो परत मागितला. आप्पांनी छर्रा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

त्यांनी सुनेला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला, ती विसरून गेली होती. मुलगा कामासाठी परगावी होता. लॅबचा फोन कोणी उचलेना. घाबरलेला माणूस करू नये ते करतो. आप्पांनी मेव्हण्यांना बोलावलं.

मेव्हणे म्हणजे आप्पांच्या बायकोचे धाकटे भाऊ. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतली वजनमापं तपासली होती. नोकरी संपली पण तपासणी संपली नाही, म्हणून सगळे त्यांना निरीक्षक म्हणत. ते काखेत स्वतःचा वजनकाटा घेऊन आले आणि उंबरठ्यावरच थांबले.

"भावोजी, या दोन डोळ्यांनी मी दहा हजार तराजू उघडे पाडलेत. मला काटा लागत नाही. मी माणूस बघतो आणि वजन सांगतो. तुमचं अडुसष्ट."

"बासष्ट."

"म्हणजे सहा किलो लपवताय. असो. गुन्हा कुठे घडला?"

त्यांनी खोली पाहिली. वाळूची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून विचार केला. विचार करून झाल्यावर म्हणाले, "पहिली संशयित तुमची नात."

"अहो, ती सव्वा वर्षाची आहे!"

"म्हणूनच. पूर्वीचा गुन्हा नाही, कोणाला शंका येणार नाही. डॉक्टरांचं कार्ड आणा."

कार्डावर मागच्या महिन्याचं वजन नऊ किलो होतं. निरीक्षकांनी नातीला काट्यावर उभं केलं. ती तिथे आनंदाने नाचली. आकडा थांबला तेव्हा नऊ किलो दोनशे होता.

निरीक्षकांनी चष्मा काढला. "भावोजी, बसून घ्या. दोनशे ग्रॅम."

आप्पा बसले. पाच किलो कुणी गिळत नाही हे त्यांना कळत होतं. पण दोनशे ग्रॅम? त्यांनी नातीला उचलून छातीशी धरलं, तर काहीतरी कडक टोचलं. तिच्या झबल्याच्या खिशात त्यांचा स्क्रू ड्रायव्हर होता.

स्क्रू ड्रायव्हर काढून पुन्हा वजन झालं. नऊ किलो साठ.

"साठ ग्रॅम उरतात," निरीक्षक म्हणाले.

"महिन्याभरात मूल वाढतं हो!"

"ती एक शक्यता आहे. लिहून ठेवतो."

आप्पांनी पुन्हा लॅबला फोन लावला. कोणी उचलला नाही.

दुसरा संशयित प्लंबर. तो मंगळवारी नळ दुरुस्त करायला आला होता, आणि निरीक्षकांनी त्याला जिन्यात पाहिलं होतं. तो उजवीकडे कलून चालत होता. "पाच किलोचा कल. मी हा कल झोपेत ओळखतो." प्लंबरला बोलावलं. तो बिचारा नळ पुन्हा गळतोय समजून धावत आला, आणि अजूनही कलूनच चालत होता.

"खिशात काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"पान्हा."

"आणि हा कल?"

"गुडघा. पाच वर्षं झाली. तुमच्याकडे औषध आहे का?"

"शिशाचं काय करता तुम्ही?"

"काका, आता सगळे पाइप प्लास्टिकचे. शिसं मी शेवटचं पाहिलं ते वडील होते तेव्हा." त्याने आप्पांकडे पाहिलं. "नळ गळत नाहीये ना? मग मला का बोलावलं?"

तो कलत निघून गेला.

निरीक्षक आता येरझाऱ्या घालू लागले. वाटेत डावा स्पीकर आला, तो त्यांनी पायाने सरकवला. मग उजवा आला. त्यालाही पायाने ढकललं, आणि अंगठा धरून एका पायावर खोलीभर नाचले. नातीने टाळ्या पिटल्या.

"टिपून घ्या," ते कळवळत म्हणाले. "डावा हलतो, उजवा हलत नाही. फरशीला उतार आहे. छर्रे उतारावरून गेले."

"पाच किलो छर्रे, झाकण लावलेल्या डब्यातून?"

निरीक्षकांनी वाकून फरशी पाहिली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "भावोजी, राग मानू नका. तिसरा संशयित तुम्ही. ताई गेल्यापासून तुम्ही दोनदा चहात मीठ घातलंत."

"एकदा."

"दुसऱ्यांदाचा चहा मी प्यायलो होतो. मी काही बोललो नाही."

खरंच आपणच कुठेतरी ठेवून विसरलो असू, पलंगाखाली, पोरीच्या खेळण्यांत, ही भीती आप्पांना चोरापेक्षा जास्त वाटत होती. त्यांनी खेळण्यांची टोपली जमिनीवर ओतली. दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून ठोकळे हुंगायला लागले, आणि तेवढ्यात सून दारात उभी राहिली. विसरलेला फोन न्यायला आली होती.

"हे काय चाललंय?"

आप्पांनी एका दमात सगळं सांगितलं. कागदात गुंडाळलेला छर्राही पुढे केला.

"छर्रे उजव्या स्पीकरमध्ये आहेत," सून म्हणाली. "काल संध्याकाळी तुम्ही हिला फिरायला नेलंत ना, तेव्हा मी भरले. डाव्यात वाळू. आप्पा, तुम्हीच नव्हतं का सांगितलं? एकात हे भर, एकात ते. कुठल्यात काय ते मी विचारलं तरी सांगू नकोस, हातापाया पडलो तरी सांगू नकोस."

आप्पा मटकन बादलीवर बसले. सांगितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी.

तीस वर्षं त्यांच्या घरात हे असंच चाले. आप्पा भरत आणि बायको ऐके. कुठल्या खोक्यात काय आहे हे तिला ठाऊक नसे, म्हणून तिचा कान खरा. हातातलं काम न थांबवता ती सांगे, "डावा बरा आहे, उजवा नाकात बोलतो." ती गेल्यावर ऐकणं आप्पांवर आलं, म्हणून भरणं सुनेला सांगितलं. पण सकाळी डबा रिकामा दिसला तेव्हा त्यांनी भरणाऱ्याच्या डोक्याने शोध घेतला : मी भरले नाहीत, म्हणजे गेलेच. ऐकणारे आपण झालोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"मला उजव्याचा पहिल्यापासून संशय होता," निरीक्षक अंगठा चोळत म्हणाले.

सुनेला मात्र हसू आलं नाही. तिने तो एक छर्रा पाहिला. "मी हातमोजे घातले, ओल्या फडक्याने फरशी पुसली, तरी हा सुटला. एक सुटला तर दोन सुटू शकतात." तिने नातीला निरीक्षकांच्या हवाली करून बाहेरच्या खोलीत पाठवलं, टेबल सरकवलं, बॅटरी लावून कोपरान् कोपरा पाहिला आणि फरशी दोनदा पुसली. आणखी काही सापडलं नाही. मग तिने बुचांना डिंक लावला आणि वरून स्क्रू मारले. त्या दिवसापासून मागच्या खोलीला कडी लागली.

दुसऱ्या दिवशी तिने तिघांचं रक्त नेलं. नातीचं ठीक आलं. सुनेचं ठीक आलं. आप्पांचं जरा जास्त आलं.

"हातमोजे?" सुनेने विचारलं.

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

"आप्पा, मी तुमच्याशी बोलतेय."

"अगं, हातमोज्यांतून दाणा कळत नाही. सुट्टा आहे का चिकट ते बघायला ओंजळीत घ्यावा लागतो."

"आणि त्याच हातांनी शेंगदाणे."

"साल काढून खातो मी."

निरीक्षकांनी वही काढली. "मी गुरुवारीच म्हणालो होतो, तिसरे संशयित भावोजी." यावर सूनही हसली. मग तिने सगळे नियम नव्याने सांगितले. शिसं यापुढे घरात येणार नाही, पुढची खोकी वाळूवर, दोन महिन्यांनी आप्पांचं रक्त पुन्हा. आप्पांनी सगळं कबूल केलं. नात धडधाकट होती, एवढ्यावर त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

अडचण वेगळीच झाली. उजव्यात शिसं आहे हे आता आप्पांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या कानावर भरवसा नाही. सुनेला ठाऊक आहे. मुलाला तिने फोनवर सांगून टाकलं. निरीक्षकांनी तर अख्ख्या जिन्याला सांगितलं, प्लंबरसकट. काही माहीत नसताना ऐकणारं माणूस या घरात उरलेलं नाही.

दोन्ही स्पीकर बंद होऊन, पॉलिश होऊन जागेवर उभे आहेत. ऐकायचं राहिलं आहे.