मंगळीबाई मनोऱ्यावर का येईना?

खांडबाऱ्याचे गिरधरराव सकाळी तंबाखू विकत आणि उरलेला दिवस गुप्तहेर असत. "मन्ही नजरमातून मुंगी बी सुटत नही," असं ते गिऱ्हाइकाला पुडीबरोबर फुकट सांगत. गावात गुन्हे होत नसत, याचं श्रेयही ते स्वतःच घेत.

त्यांचा मदतनीस पौलस, रेल्वे स्टेशनवरचा खलाशी कामगार. या खेपेला प्रकरण त्याच्याच घरचं होतं, त्यामुळे बिचारा हवालदिल झाला होता. त्याची बहीण मार्था सुरतेच्या एका दवाखान्यात नर्स. दोन वर्षांत तिला पहिल्यांदाच एका रविवारची सुटी मिळाली होती. आई-भावाने यावं, तिघांनी शहरातल्या उंच मनोऱ्यावर चढून तापी पाहावी, असा बेत महिनाभर चालला होता. त्यासाठी आईने, मंगळीबाईने, नवं लुगडं घेतलं, आणि शुक्रवारी डोंगरावरच्या घरून लेकाला निरोप धाडला की मी येत नाही. कारण काही नाही.

गिरधररावांनी दुकानात बसूनच निदान केलं: उंचीची भीती. रोज डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईला जिन्याची कसली भीती, असं पौलसने विचारलं. तेव्हा मनोऱ्यात भूत निघालं. तेही पटेना, म्हणून सुरतेत मंगळीबाईचा जुना वैरी निघाला. शेवटी सगळे तिच्या घरी गेले. गिरधररावांची बायको गजराबाईही निघाली, कारण नवऱ्याच्या वतीने माफी मागायला कुणीतरी लागायचंच.

मंगळीबाई दबक्या आवाजात बोलत होती आणि सारखी अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहत होती. मडक्यातली नागलीही बरीच खाली गेली होती. गिरधररावांनी मिशीला पीळ दिला आणि जाहीर केलं की या घरात फरारी इसम लपला आहे व तो नागली खातो.

गजराबाईने कोपऱ्यातल्या टोपलीत वाकून पाहिलं.

"कितला दिन व्हयनात?"

"अठरा," मंगळीबाई ओशाळून म्हणाली. "सोमवारे पिल्लं निंघतीन. बोका टपेल शे. कोंबडीपायी येत नही, अशी पोरले कशी सांगू?"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पौलसने हसू आवरत आईच्या पाठीवर हात ठेवला. गजराबाईने मात्र तिथल्या तिथे निकाल दिला: रविवारी टोपलीपाशी गुप्तहेर बसतील. गिरधररावांनी बायकोकडे पाहून मिशीचा पीळ सोडला.

रविवारी पहाटे नवं लुगडं नेसलेली मंगळीबाई निघता निघता दारात थबकली. गिरधररावांना तिने एकदा नीट न्याहाळलं.

"अकरा अंडा शेतस, भाऊ," ती म्हणाली. "मी मोजी ठेवेल शे."

मग लेकीच्या ओढीने ती पौलसच्याही पुढे झपाझप स्टेशनाकडे उतरू लागली.