नरवाडेभाऊंची उघडी फाइल

नरवाडेभाऊ फोनवर हॅलो म्हणत नाहीत. पलीकडून फोन उचलला गेला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "लघवी कशी हाय?"

एकदा नंबरातला एक आकडा चुकला आणि फोन नांदुऱ्याच्या एका धान्यवाल्याला लागला. त्या भल्या माणसाने 'आपण कोण' असंही विचारलं नाही. "होते साहेब, पन रातच्याले तीन-चारदा उठा लागते," असं मोकळेपणाने सांगून टाकलं. चूक लक्षात आल्यावरही भाऊंनी फोन ठेवला नाही. "उद्या उपाशीपोटी शुगर तपासा," असं बजावलं. तपासली तर खरंच शुगर निघाली. पुढच्याच हप्त्यात तो गृहस्थ पत्ता विचारत आला आणि भाऊंच्या हातावर पेढे ठेवून गेला. शुगर निघाली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

भाऊ डॉक्टर नाहीत. बुलढाण्यातल्या एका दवाखान्यात ते रेकॉर्ड रूम सांभाळतात, आणि मी तिथे नर्स आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल भाऊंकडे येते. ती वाचून आजाराला नंबर द्यायचा, हे त्यांचं काम. जगातल्या यच्चयावत आजारांना नंबर आहेत आणि भाऊंना ते तोंडपाठ आहेत. पण जीव जडलाय तो दोनच नंबरांवर. किडनी अचानक बंद पडली तर एन सतरा, हळूहळू कायमची खराब झाली तर एन अठरा. "सतरा म्हंजे पाहुना," भाऊ समजावतात. "नीट वागलं तं निंगून जाते. अठरा म्हंजे घरजावई!"

एका फाइलमध्ये मी 'लघवी ठीक' असं लिहिलं होतं. भाऊ फाइल घेऊन वॉर्डात हजर. "सिस्टर, ठीक म्हंजे किती? कप, गिलास का बादली?"

"भाऊ, पेशंट हसत हसत घरी गेला."

"हसनं मोजता येत नाही. लिवलं नाही म्हंजे झालं नाही."

डॉक्टरांनाही ते सोडत नाहीत. नुसतं 'किडनी फेल' लिहिलेली फाइल घेऊन ते एकदा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दीड तास उभे राहिले. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले, तर यांचं सुरू. "साहेब, अचानक फेल का जुनी फेल? कशानं फेल? आधीचा रिपोर्ट कुठी हाय?" डॉक्टरांनी मुकाट्याने सगळं लिहून दिलं.

अचानक बिघडलेली किडनी तीन महिन्यांत सुधारली नाही, तर ती कायमची गेली असं धरतात. दवाखान्याच्या लेखी पेशंट घरी गेला की फाइल संपली. भाऊ मात्र सतराच्या फायली टेबलावर उघड्या ठेवतात आणि तीन महिने दर रविवारी एकेकाला फोन लावतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धाड गावच्या शेवंताबाई आल्या. पासष्टीच्या, एकट्या राहणाऱ्या, वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणाऱ्या. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून महिनाभर खाल्ल्या, त्यातच हगवण लागली, आणि दोन दिवस लघवीचा थेंब नाही. सलाइनवर सावरल्या खऱ्या, पण घरी जाताना किडनी अर्धीमुर्धीच सुधारली होती. त्यांना धास्ती होती डायलिसिसची. "मशीनवर बसवू नका बापा. हप्त्यातून दोनदा इकडं आली तं माही वांगी कोन तोडन?"

पहिल्या रविवारी भाऊंचा प्रश्न ऐकून त्या कडाडल्या, "बाईमानसाले असं इचारतेत का बे?" दुसऱ्या रविवारी मात्र तेलाच्या रिकाम्या डब्याने मोजून तयार होत्या. भाऊ स्पीकर लावून लिहून घेत, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू येई. डब्यावरून गाडी वांग्यावरच्या अळीवर जाई, तिथून धाडच्या जीपवाल्यावर. शेवटी भाऊ विचारत, "मावशी, गुडघ्याची गोळी नाही ना घेतली? किडनी खाते ते."

"तुह्या भेवानं नाही घेतली."

दुसरा महिना संपला तरी रिपोर्ट हलेना. भाऊंचा चेहरा उतरला. बाजाराच्या दिवशी रजा टाकून ते एसटीने धाडला गेले, शेवंताबाईंच्या टोपलीशेजारी फतकल मारून बसले आणि म्हणाले, "मावशी, चंची दाखवा." चंचीत, सुपारीच्या खाली, गोळ्यांची पट्टी निघाली. गिऱ्हाइकांसमोर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पट्टी खिशात घालूनच भाऊ परतले.

तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट चांगला आला. अगदी चांगला. डॉक्टरांची सही घेऊन भाऊंनी सुवाच्य अक्षरात 'बरी झाली' असं लिहिलं, फाइल बांधली आणि कपाटात ठेवली. सगळ्या स्टाफला त्यांच्याकडून चहा मिळाला.

पुढच्या रविवारी मी एक फाइल द्यायला गेले, तर भाऊ पुसलेलीच कपाटं पुन्हा पुसत होते. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने त्यांनी स्पीकर लावला.

"आज फोन काऊन नाही केला?"

"मावशी, तुमची फाइल बंद झाली. तुम्ही बऱ्या झाल्या."

"फाइल बंद झाली, मी तं जिती हाय ना?"

भाऊ हातातल्या फडक्याची घडी घालू लागले.

"जेवला का?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाही."

"काऊन? बायकोनं डबा नाही देल्ला?"

"बायको नाही मावशी. सात वर्सं झाली."

"मंग घरी कोन हाय?"

"कोनी नाही."

मी दारातच थबकले. सहा वर्षं मी या माणसाबरोबर काम करते. माझ्या फायलींतला थेंबन्‌थेंब त्यांनी विचारून घेतला, आणि घरी कोण असतं हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"डबा हाय का जवळ?" पलीकडून आवाज आला.

"हाय. सकाळची खिचडी हाय."

"मंग उघड. अन् फोन ठेवू नको. तू जेव, मी बसली हाय."

भाऊंनी हातातलं फडकं ठेवलं, फोन डब्याजवळ सरकवला आणि जेवायला बसले.