आधी बंद, मंग बघू

उषाताई गाढ्यांना सकाळी 'नमस्कार' म्हटलं की त्या म्हणायच्या, "कशासाठी?"

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी. मी माल पाठवणीच्या टेबलावर, आणि ताई म्हणजे कॉम्प्युटर विभाग. अख्खा विभाग त्या एकट्याच. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, आत बसलेली आणि आत घुसू बघणारी.

एकदा मी विचारलं, "ताई, फायरवॉल म्हंजे नेमकं काय?"

"कॉम्प्युटरला पासष्ट हजार दरवाजे असतेत. त्याला पोर्ट म्हंतेत. फायरवॉल म्हंजे त्यांच्यावरचा वॉचमन. कोनता उघडा, कोनता बंद, हे त्याला सांगावं लागतंय."

"आणि आपले किती उघडे?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

त्यांचा कायदा एकच होता, "आधी बंद, मंग बघू." नवा प्रिंटर आला, आधी बंद. साहेबांच्या मेव्हण्याला वायफाय हवं, आधी बंद. मेव्हणा दोन दिवस ऑफिसच्या पायऱ्यांवर मोबाईल उंच धरून बसला, पण ताई बधल्या नाहीत.

परतूरला आमचं सोयाबीन खरेदीचं केंद्र आहे. तिथला वजनकाटा लिनक्सवर चालणाऱ्या एका कॉम्प्युटरला जोडलेला. ट्रॉली काट्यावर चढली की वजन जालन्याला येतं, आणि जालन्याहून हुकूम गेला की पावती परतूरला छापली जाते. हातानं लिहिलेली पावती कंपनी मानत नाही. तिथली माणसं त्या कॉम्प्युटरवर नेटवर गाणी शोधत बसतात असं कळल्यावर ताईंनी त्याचा कीबोर्डच काढून आणला आणि आपल्या कपाटात ठेवला. तिथं उरला फक्त माऊस.

ऐन खरेदीच्या दिवसांत एका सकाळी ताईंना दिसलं की बाहेरून कुणीतरी परतूरच्या कॉम्प्युटरवर पासवर्डमागून पासवर्ड मारून बघतंय. ताई ताठ झाल्या. जालन्यात बसूनच त्यांनी हुकूम दिला, बाहेरून येणारं सगळं बंद. मग दोन दरवाजे उघडायचे होते. एक काट्याचा, दुसरा त्यांना स्वतःला लांबून आत शिरायचा.

पण बंद आधी झालं. स्क्रीन जागच्या जागी गोठली. त्यांच्याच वॉचमननं त्यांना बाहेर काढलं होतं.

मी काही कागद घेऊन खोलीत गेलो, तर ताई एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या. एवढ्यात परतूरच्या बोर्डेसाहेबांचा फोन आला. ते तिथले मॅनेजर. "पावती निघंना! ट्रॉल्या रस्त्यापर्यंत गेल्यात, अन् आभाळ भरून आलंय!"

"कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर?" मी विचारलं.

"काय उपेग न्हाई. चालू झाला तरी नियम तसाच राहीन. मीच तसं बसवलंय. तिथं जाऊनच उघडावं लागन." मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, गाडी हाय का तुमची?"

तर असं आम्ही निघालो. मी मोटारसायकलवर, मागे ताई, आणि त्यांच्या मांडीवर पदरात गुंडाळलेला कीबोर्ड. वाटूर फाटा मागं पडला. पुढं आभाळ काळंकुट्ट दिसायला लागलं, तेव्हा मागून ताई म्हणाल्या, "जल्दी."

परतूरला गेटवर ट्रॅक्टरांची रांग आणि माणसांचा गराडा. सोयाबीन उघड्या ट्रॉल्यांत. बोर्डेसाहेबांनी लांबूनच बोट दाखवलं, "ह्या मॅडमनं बंद केलं!"

गराडा आमच्याकडं वळला. एक म्हातारे शेतकरी पुढं आले. "बाई, वर्षाचं पीक हाय. भिजलं तर बियानं म्हनून कोन घेईन?"

मला वाटलं ताई 'कशासाठी' म्हणतात की काय. पण त्या म्हणाल्या, "मी बंद केलं, बाबा. मीच उघडते. वाट द्या."

काट्याच्या खोलीत त्यांनी कीबोर्ड जोडला आणि पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. खिडकीच्या गजांना माणसं चिकटली होती, आणि वरच्या पत्र्यावर टप टप सुरू झालं होतं.

"आता एकदाच राह्यलं," त्या कुजबुजल्या. "परत चुकलं तर हे कुलूप लावून घेतंय. घंटाभर उघडत न्हाई."

"असं कोणी ठेवलं?"

"मीच," त्या म्हणाल्या. मग हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"काय बी. घरी आज काय केल्तं?"

"शेपूची भाजी," मी म्हणालो. "मुगाची डाळ घालून. आमच्या पोरीला आवडत न्हाई, ती निवडून निवडून डाळच खाती. मंग तिची आई वरडती, मंग आज्जी मधी पडती..." मी काय बोलत होतो माझं मलाच कळत नव्हतं. ताई मान हलवत होत्या आणि एकेक अक्षर दाबत होत्या.

उघडलं.

त्यांनी आधी ते दोन दरवाजे उघडले, नीट तपासले, आणि प्रिंटर खरखरला. बाहेर एकच गलका झाला. एकामागून एक ट्रॉल्या शेडखाली जायला लागल्या. पाऊस जोरात आला तेव्हा मागच्या ट्रॉल्यांवर ताडपत्री ओढायला सगळेच धावले. एक कोपरा ताईंनी धरला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

तरी त्या म्हाताऱ्यांच्या ट्रॉलीचा वरचा थर भिजलाच. बोर्डेसाहेब भाव पाडायला लागले तशा ताई मध्ये उभ्या राहिल्या. "आला तवा माल कोरडा होता. भिजवला मी. वरचा थर पसरून वाळवा, अन् कोरड्याचा भाव लावा. जालन्याच्या साहेबांना मी सांगते." आणि त्यांनी तिथूनच फोन लावून सांगितलंही. खूप बोलणी खाल्ली, पण भाव तोच लागला.

परतताना वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. ताईंची साडी अजून ओलीच होती. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"बाजूला कोनी असतं, तर म्हनलं असतं, ताई, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "एकटीला कळत न्हाई कुठं थांबायचं."

त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी, एवढंच मला ऐकून माहीत होतं.

"घरी गेलं की टीव्ही लावते," त्या पुढं म्हणाल्या. "बघत न्हाई. बोलनं ऐकू येतंय तेवढंच."

समोरून एक ट्रक गेला. मग त्यांनी एकदम विचारलं, "पोरीचं नाव काय तुमच्या?"

सात वर्षं आम्ही एका ऑफिसात आहोत. मी नाव सांगितलं. ताईंनी ते एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं आणि चहावाल्याला म्हणाल्या, "अजून दोन द्या. आम्हाला काय घाई न्हाई."