फारकरचा चार पायांचा टेकू

"टेकू लागतो तो वाटाण्याच्या वेलाला! शिकाऱ्याला नाही!"

फारकर मॅकॅस्किलचं हे मत गावातल्या बारच्या भिंतींनाही पाठ झालं होतं. हरणावर नेम धरताना बंदूक काठ्यांवर टेकवणारी माणसं म्हणजे त्याच्या लेखी लंडनची लाडावलेली बाळं! स्कॉटलंडच्या डोंगरात शिकार होते ती ओल्या हेदरच्या झुडपांत पोटावर सरपटत जाऊन आणि पोटावरच पडून. ज्याला हे जमत नाही त्याने खाली मैदानात जाऊन सशांमागे धावावं!

एवढं ऐकवून फारकर टेबलाला धरून हळूच उठायचा. कारण त्याचा गुडघा कामातून गेला होता. आडवं पडायला त्रास नव्हता हो! पडणं कुणालाही येतं. उठणं येत नव्हतं.

हे फक्त त्याला ठाऊक होतं. बायकोला, म्हणजे इशबेलला सांगायची सोय नव्हती, कारण फारकर एका इस्टेटीवर पाहुण्यांना शिकारीला नेणारा शिकारी, तर तिचा सख्खा भाऊ टॉर्किल शेजारच्या इस्टेटीवर तेच काम करायचा. मेहुण्याला कळलं असतं तर त्याने ते बारमध्ये गाण्यात घालून म्हटलं असतं! त्यात त्या वर्षी हॅलमसाहेबांनी दोन्ही इस्टेटी विकत घेतल्या. मुख्य शिकारी आता एकच राहणार होता. दुसऱ्याने फाटकाजवळच्या दुकानात बसून पाहुण्यांना जॅम विकायचा. निवड साहेबांच्या मावशी, मिस थ्रॉसेल करणार होत्या. दोघांनी मिळून त्यांना डोंगरावर न्यायचं आणि बाईंनी गुण द्यायचे. बाईंचा जन्म शाळा चालवण्यात गेलेला!

फारकरने बेत आखला. बाईंना उभ्यानेच नेम धरू द्यायचा, म्हणजे आडवं पडायचा प्रश्नच मिटला! त्यासाठी हव्या होत्या काठ्या. "दात दुखतोय," असं घरी सांगून तो इनव्हर्नेस शहरात गेला.

दुकानात काठ्यांचे नाना प्रकार. दोन पायांच्या, तीन पायांच्या, चार पायांच्या.

"दोन पायांच्या हलक्या आहेत," विक्रेता म्हणाला. "झटकन उघडतात. तुमची बंदूक किती वजनाची?"

"बंदुकीचं राहू द्या. माझं वजन पेलतील का?"

"तुमचं?"

फारकर सरळ दुकानाच्या मधोमध पालथा पडला! काठ्या धरून उठायला गेला तशी दोन पायांची जोडी फाकली आणि तो पुन्हा नाकावर. तीन पायांची कलंडली ती थेट टोप्यांच्या मांडणीवर! तोवर गिऱ्हाइकं जमली. एका बाईंनी त्याला पाणी पाजलं, दुसऱ्या अँब्युलन्सला फोन लावू लागल्या.

"आजोबा, चक्कर आली का?"

"चक्कर तुमच्या काठ्यांना आलीय! ती चार पायांची आणा!"

चार पायांची मात्र म्हशीसारखी उभी राहिली. फारकर तिला धरून उठला आणि तीच घेऊन घरी आला. इशबेलने हरणाचं मटण रांधलं होतं. "दात काढलास ना? मग तुला सूप," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर त्याच्या वाटणीचं मटणही तिने खाल्लं.

शिकारीच्या दिवशी फारकरने काठ्या मिटून बाईंच्याच हातात दिल्या. "चढणीला आधार," तो म्हणाला. टॉर्किलला कळायचं कारण नव्हतं.

डोंगरावर सगळं जमून आलं. वारा समोरून, खालच्या उतारावर भलामोठा नर चरतोय. बाईंनी काठ्या न्याहाळल्या आणि त्या कुजबुजल्या, "अय्या, या उघडतात की! यावर बंदूक टेकवून उभ्याने मारू का?"

फारकर "हो" म्हणणार, एवढ्यात टॉर्किल फिसकन हसला. "काठ्या? दाजी, तुमच्या डोंगरावर? वाटाणे लावलेत का?"

झालं! तीस वर्षांची बडबड फारकरच्या छातीत फुगली. "छे! काठ्या बाजूला ठेवा बाई! आडव्या व्हा!" म्हणत तो स्वतःच धाडकन आडवा झाला. टॉर्किलही झाला. तो हळू आणि अंमळ वाकडा झाला, पण हे पाहायला फारकर शुद्धीवर कुठे होता!

तेवढ्यात वारा फिरला. नराने मान वर केली आणि तो डोंगरापार गेला.

"गेला वाटतं," बाई म्हणाल्या. "उठू या?"

"श्श!" फारकर म्हणाला. "मागे दुसरा आहे. याहून मोठा."

दुसरा बिसरा कुणी नव्हता. आता मेहुणा त्याला खोटा पाडणार म्हणून फारकरने डोळे मिटले. पण टॉर्किल म्हणाला, "हो हो! मलाही दिसतोय. शिंगांना चौदा फाटे!"

लग्नापासून आजवर मेहुण्याने त्याची बाजू घेतली नव्हती. फारकरने मान वळवून पाहिलं. टॉर्किलने एक गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

शिकाऱ्याने ऊठ म्हटल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही, हा डोंगराचा नियम. बाई शिस्तीच्या, त्या हलल्या नाहीत. पाऊस आला. बाईंनी पडल्यापडल्या सँडविच खाल्लं. त्या न दिसणाऱ्या नराला मात्र दोघे मिळून चारत होते, पाणी पाजत होते, कुशीवर वळवत होते. "आता बसला." "आता रवंथ करतोय." आणि मनात दोघेही एकच म्हणत होते, अरे देवा, आधी तू ऊठ!

शेवटी टॉर्किलच्या पोटरीत गोळा आला. "आई गं!" करून तो बोंबलला आणि बाईंच्या काठ्यांना लटकत उभा राहिला.

"घालवलंस!" फारकर पडूनच ओरडला. "चौदा फाट्यांचं जनावर घालवलंस! बाई, वैतागाने माझं अंग गळालं हो. जरा ओढा मला!"

संध्याकाळी बंगल्यावर बाईंनी निकाल सांगितला. "टॉर्किल अधीर. हा फारकर मात्र पावसात दगडासारखा पडून होता! उठायचं नावच घेईना!"

"मुख्य शिकारी फारकर!" हॅलमसाहेबांनी त्याचा हात हलवला. "आणि तुझ्या सन्मानार्थ आजपासून नियम. या डोंगरावर काठ्या बंद! शिकार आडवं पडूनच! तूही तेच म्हणत आलायस ना?"

"तेच, साहेब," फारकर म्हणाला.

चार पायांची काठी इशबेलने परसात वाटाण्याच्या वेलाला लावली. लावताना तिने एकदा त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फारकर फाटकावरून निघाला. दुकानात टॉर्किल हीटरकडे गुडघा करून आरामखुर्चीत बसला होता.

"दाजी, आज किती वाजता आडवे होताय?"

"दहाला."

"आणि उठणार कधी?"

फारकरने टोपी खाली ओढली आणि तो चालू लागला.